शिशाच्या पट्टीचं दुसरं टोक

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी एकच नाव घेईन, गोदावरी. माझी थोरली बहीण. आई गेली तेव्हा मी सहा वर्षांचा होतो आणि ती बारा. तेव्हापासून तिनं मला न्हाऊ घातलं, भाकरी करून घातली, शाळेत पाठवलं. माझ्यामुळेच तिचं लग्न दोन-तीन वर्षं लांबलं. आम्ही केदारखेड्याचे सुतार. वडील नांगर, वखर, बैलगाडीची चाकं करायचे. त्या घरातून मी बी.ए. झालो, मंठ्याच्या हायस्कुलात शिक्षक झालो, ते अक्कामुळे. पण आज लिहायला बसलो आहे तो अक्काविषयी नाही, तिच्या नवऱ्याविषयी. आमचे दाजी, किसन काचवाले. जालन्याच्या मस्तगड भागात आणि जुन्या जालन्यात ज्या घरांच्या दारांवर रंगीत काचेच्या कमानी आहेत, त्यातल्या कितीतरी त्यांनी केलेल्या किंवा पुन्हा उभ्या केलेल्या आहेत. सहा आठवड्यांपूर्वी ते गेले.

मी सातवीच्या वर्गावर इतिहास शिकवत होतो. जालन्याहून येणाऱ्या मोटारीचा कंडक्टर थेट वर्गाच्या दारात येऊन उभा राहिला. टोपी हातात घेतलेली. "सर, तुमचे दाजी... सकाळीच गेले. अक्कांनी निरोप दिलाय, निघून या म्हणून." मुलं उठून उभी राहिली. मी पुस्तक मिटलं. त्या क्षणी माझ्या मनात पहिला विचार आला तो लिहायला हात धजत नाही, पण लिहितो. आता अक्का माझ्याकडे राहायला येईल... असा तो विचार होता. दुःख त्याच्यानंतर आलं. मोटारीत बसल्यावर, रामनगर मागे पडल्यावर आलं. बारा वर्षं ज्या माणसाच्या घरचं मी खाल्लं, त्याच्या मरणाच्या बातमीला माझ्या मनानं दिलेलं उत्तर हे असं होतं. म्हणून हा लेख नुसत्या गुणगौरवाचा होणार नाही. दाजींचे गुण सांगणारे जालन्यात पुष्कळ आहेत. त्यांचा मत्सर करणारा मात्र मी एकटाच होतो.

निजामाचं राज्य गेलं त्याच वर्षी अक्काचं लग्न झालं. दाजी जातीनं आमच्यातलेच, सुतार, पण त्यांनी लाकूड सोडून काच धरलेली. हैदराबादच्या एका उस्तादाकडे चार वर्षं राहून शिकून आलेले. रंगीत काचेचे तुकडे कापायचे, शिशाच्या खाचेच्या पट्टीत ते एकमेकांशेजारी बसवायचे, जोडाला कथलाचा डाख द्यायचा आणि अशी तयार झालेली तावदानं दाराच्या कमानीत, जिन्याच्या खिडकीत चढवायची, हे त्यांचं काम. मारवाडी शेठ लोकांच्या हवेल्यांतून त्याची हौस फार. मोर, कमळं, पोपट, हत्ती. लग्न ठरलं तेव्हा वडील जालन्याला जाऊन त्यांचं काम पाहून आले आणि चार दिवस दुसरं काही बोलेनात. "सांध्यात नख जात न्हाई, बाबा," ओट्यावर बसलेल्या प्रत्येकाला ते सांगत होते. "असा हात मी बघितला न्हाई." मी तिथेच बसलेलो असायचो. माझा हात त्यांनी बघितलेला होता. मी रंधा धरला की फळीला खड्डा पडायचा, आणि वडील काही न बोलता रंधा माझ्या हातातून काढून घ्यायचे.

लग्नानंतर सहा महिन्यांनी वडिलांनी मला अक्काकडे जालन्याला पाठवलं, पुढची शाळा तिथे म्हणून. मला वाटत होतं, आता पुन्हा मी आणि अक्का. मस्तगडातल्या त्या दोन खोल्यांपैकी पुढची खोली कारखान्याची होती, मागची संसाराची. पहिल्याच दिवशी जेवायला बसलो. केदारखेड्याला अक्का भाकरी टम्म फुगली की तिचा वरचा कडक पापुद्रा सोलून माझ्या ताटात टाकायची. तो माझा हक्काचा. त्या दिवशी तिनं पापुद्रा सोलला आणि दाजींच्या ताटात टाकला. त्यांनी तो उचलून माझ्या ताटात ठेवला. "घ्या मास्तर, तुम्ही शिकणारी माणसं." मला ते मास्तर म्हणायचे, पहिल्या दिवसापासून. पापुद्रा मी खाल्ला नाही. ताटाच्या कडेला तसाच राहू दिला. आता विचार करतो तर मला ती वस्तू अक्काच्या हातून हवी होती, त्या माणसाच्या हातून नको होती, एवढंच ते होतं. पण बारा वर्षांच्या मुलाला हे कळत नाही. त्याला फक्त राग येतो.

तेव्हा आणि नंतरही मला सगळ्यात जास्त कशानं जळवलं असेल तर शिशाच्या पट्टीनं. शिशाची पट्टी गुंडाळीत असते तेव्हा वाकडी-तिकडी असते. वापरण्याआधी ती ताणावी लागते. हे काम एकट्याचं नाही. एकानं पकडीनं एक टोक धरायचं, दुसऱ्यानं दुसरं टोक धरून मागे जायचं, आणि दोघांनी एकाच वेळी, एकाच जोरानं ओढायचं. कमी ओढलं तर पट्टी वाकडी राहते, हिसका बसला तर तुटते. बरोबर ताणली गेली की ती बोटभर वाढते आणि दोरीसारखी सरळ होते. अक्का आणि दाजी हे करायचे तेव्हा बोलत नसत. ती चुलीवरून उठून यायची, हात पदराला पुसायची, टोक धरायची. दोघं एकमेकांकडे बघायचे, मान हलायची आणि पट्टी सरळ व्हायची. ती परत चुलीकडे. दिवसातून दहा वेळा. मी अभ्यासाला कोपऱ्यात बसलेला असायचो आणि पुस्तकातली ओळ हरवायची. एकदा मी म्हणालो, "अक्का, मी धरतो टोक." ती हसून बाजूला झाली. दाजींनी मान हलवली, मी ओढलं... पट्टी मधोमध तुटली आणि मी मागे भिंतीवर आपटलो. दाजी धावत आले. "लागलं का मास्तर? बिलकुल ठीक ओढलं तुम्ही, पट्टीच कच्ची होती." पट्टी कच्ची नव्हती. त्याच गुंडाळीतल्या दुसऱ्या पट्टीचं टोक अक्कानं धरलं आणि ती सरळ झाली. मी पुन्हा कधी ते टोक धरायला गेलो नाही.

माझ्याजवळ एकच गोष्ट होती जी दाजींकडे नव्हती. अक्षर. ते उर्दूच्या तीन इयत्ता शिकलेले, मराठी सहीपुरती. अक्का तर शाळेत गेलीच नव्हती. मी नववीत होतो तेव्हा तिला दुपारी पाटी घेऊन शिकवायला लागलो. ती हुशार, वर्षभरात वर्तमानपत्र वाचायला लागली. ती दुपार फक्त माझी आणि तिची होती. दाजी पुढच्या खोलीत काच घासत बसायचे आणि मला बरं वाटायचं. मग एके दिवशी शाळेतून लवकर परत आलो तर दोघं जमिनीवर बसलेले, मध्ये माझी पाटी, आणि अक्का त्यांचं बोट धरून 'कमळ' गिरवून घेत होती. मला पाहून दाजी लाजले. "मास्तर, तुमच्या शिष्येनं मला शिष्य केलं." अक्का हसत होती. मी हसलो की नाही आठवत नाही. तिला मी जे दिलं ते तिनं तसंच्या तसं त्यांना देऊन टाकलं होतं.

मी मॅट्रिकला होतो त्या वर्षी मस्तगडातल्या एका शेठजींच्या घरची जुनी कमान उतरवली. तिच्यात पिसारा फुलवलेला मोर होता. शिसं थकून पोट आल्यासारखी फुगली होती, चार-पाच काचा तडकल्या होत्या. बाहेरून रंगीत काच येणं त्या दिवसांत जवळपास बंद झालेलं, त्यामुळे जुनी काच वाचवणं हेच खरं काम. दाजींची रीत अशी होती की तावदान फळीवर आडवं ठेवायचं, वर कागद पसरून कोळशानं घासून सगळ्या सांध्यांचा छाप घ्यायचा, मग एक-एक ओळ सोडवायची, धुवायची आणि छापावर आपल्या जागी ठेवायची. संथ काम. मला त्या संथपणाचा कंटाळा आला होता, आणि खरं सांगायचं तर मला एकदा तरी दाजींना काही शिकवायचं होतं. मी म्हणालो, "दाजी, छापावर आकडे टाकू, तेच आकडे काचांवर टाकू, मंग सगळ्या काचा एकदम सोडवून एकदम धुता येतील. जल्दी होईल." त्यांनी कागदावरच्या सांध्यांवरून बोट फिरवलं. "बराबर हाय," ते म्हणाले. "शिकलेल्या माणसाचं डोकं हे." मी दौत-टाक घेऊन बसलो आणि शंभराच्या वर काचांवर सुबक आकडे काढले. दाजींनी शिसं कापलं, सगळ्या काचा घंगाळात सोड्याच्या पाण्यात टाकल्या, सांध्यांतली जुनी लांबी, म्हणजे लुकण, सुटावी म्हणून. दुसऱ्या दिवशी सकाळी अक्कानं त्या बाहेर काढल्या. एकाही काचेवर आकडा नव्हता. शाळेची शाई ती, पाण्यात विरून गेली. घंगाळातलं पाणी निळसर झालं होतं.

मी पांढरा पडलो. छापावर आकार होते, पण रंग नव्हते. आणि मोराच्या पिसाऱ्यातल्या डोळ्यासारख्या काचा आकारानं सगळ्या सारख्या, रंगात मात्र प्रत्येकीत फरक. मानेजवळ गर्द, कडेला फिकट, मध्ये कुठे हिरव्याची झाक. चुकीच्या जागी गेल्या तर पिसारा ठिगळ लावल्यासारखा दिसणार. दाजींनी घंगाळात बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि एकदम हसायला लागले. "मास्तर, तुमचे आकडे तर पाणी पिऊन गेले!" अक्काही हसायला लागली. इतकी हसली की तिनं पदर तोंडाला लावला. त्या हसण्यात वाईट काही नव्हतं. पण ती दोघं मिळून हसत होती आणि ज्याच्यावर हसत होती तो मी होतो.

पुढचे पाच दिवस अक्का एक-एक काच उचलून खिडकीच्या उजेडात धरत होती आणि दाजी डोळे बारीक करून सांगत होते. "मानंखालची." "डाव्या अंगाची, तिसरी." "ही शेपटाजवळची... थांब, न्हाई, तिच्या शेजारची." कधी कधी ते डोळे मिटून घ्यायचे, आणि मग सांगायचे. मला संस्कृतचे श्लोक पाठ होते, इतिहासातल्या लढाया पाठ होत्या. हे असं पाठ असणं मी कधी पाहिलं नव्हतं. शेठजी चौथ्या दिवशी आले. दारातूनच विचारलं, "किसनजी, मोर कब बैठेगा? घर का दरवाजा खुला पडा है, लोग हसतात मला."

"शेठजी, लांबी सुकून न्हाई राह्यली," दाजी म्हणाले. "हवेत ओल हाय. माझाच अंदाज चुकला. दोन दिवस द्या."

हवेत ओल नव्हती. पौष महिना होता. शेठजींनी माझ्याकडे पाहून विचारलं, "और ये पढ़नेवाला?" दाजी म्हणाले, "हे आमचे मास्तर. यांनीच तर सगळे आकडे टाकले, म्हणून इतकं जल्दी होऊन राह्यलंय." शेठजींनी माझी पाठ थोपटली. मला तेव्हा कृतज्ञता वाटायला हवी होती. मला संताप आला. माझी चूक झाकण्याइतका मोठेपणा त्या माणसानं माझ्यासमोर, अक्कासमोर, इतक्या सहज दाखवावा, हे मला सहन झालं नाही. मोर बसला. आजही बसलेला आहे, मस्तगडातून जाणारे मान वर करून बघतात.

मी औरंगाबादला कॉलेजात गेलो. फी दाजींनी भरली, दर सुट्टीत कपड्याचा जोड दाजींनी केला. बी.ए. झालो तेव्हा केदारखेड्यात मारुतीच्या पारावर लोक जमले. आमच्या गावातला पहिला पदवीधर. वडिलांनी सगळ्यांना पेढे वाटले आणि सांगितलं, "जावयानं शिकवला. त्याच्या हाताला यश हाय. काच असू द्या न्हाईतर पोरगं, हातात घेतलं की चमकतंय." लोक हसले, माना डोलावल्या. दाजी मागे उभे होते. ते म्हणाले, "मामा, असं न्हाई. अभ्यास तर त्यांनीच केला." ते म्हणाले तेही बरोबर होतं. पण मला वाटलं, माझी पदवीसुद्धा ह्यांच्याच कमानींत जमा झाली.

मंठ्याला नोकरी लागली त्याच सुमाराला दाजींच्या पोटात कळा यायला लागल्या. हिरड्यांवर निळसर रेघ. मग उजवं मनगट अधूनमधून लुळं पडायचं, काच कापायची हिरकणी हातातून गळून पडायची. मी त्यांना औरंगाबादच्या डॉक्टरांकडे नेलं, अक्काही बरोबर होती. डॉक्टर म्हणाले, अंगात शिसं गेलेलं आहे, ते काम ताबडतोब बंद करा, नाही तर जगायचं नाही. अक्का माझ्याकडे बघून म्हणाली, "दत्तू, आता तूच बघ काय ते." आयुष्यात पहिल्यांदा तिनं दाजींकडे न बघता माझ्याकडे बघितलं होतं. मी म्हणालो, "तू काळजी करू नकोस. मी आहे." आणि ते मी मनापासून म्हणालो होतो. हे वाचकांनी लक्षात घ्यावं अशी माझी विनंती आहे... मला त्यांचा जीव वाचवायचा होता. त्या वेळी मनात दुसरं काही नव्हतं.

दुसरं आलं ते हेडमास्तरांच्या खोलीत. मी त्यांना सगळं सांगितलं. ते चांगले गृहस्थ. म्हणाले, "तुमचे दाजी चित्रंही काढत असतील की? आपल्याकडे हस्तव्यवसाय शिक्षकाची जागा रिकामी आहे. पदवी लागत नाही. मुलांना हाताचं काम शिकवणारा माणूस हवा. लिहिता-वाचता आलं की झालं."

 त्या क्षणात मला दिसलं की दाजी फळ्यासमोर उभे आहेत, मुलं त्यांच्याभोवती गोळा झाली आहेत, शिक्षकांच्या खोलीत माझ्या शेजारच्या खुर्चीवर ते बसले आहेत. इथेही. मी स्वतःच्या कष्टानं मिळवलेल्या ह्या एका जागीसुद्धा.

"सर, ते उर्दूच्या तीन इयत्ता शिकलेत," मी म्हणालो. "मराठी सहीपुरती."

"मग हजेरी कशी घेणार?" हेडमास्तर हळहळले. "शिपायाची एक जागा आहे तशी. घंटा द्यायची, नोटीसवही फिरवायची. जड काम नाही. पण तुम्हाला बरं वाटेल का? तुमचे नातेवाईक..."

"श्रमाला कमीपणा कसला, सर," मी म्हणालो. त्यांना ते उत्तर फार आवडलं.

तीन इयत्तांची गोष्ट खरी होती. सहीपुरती मराठीची गोष्ट सात-आठ वर्षांपूर्वी कधी तरी खरी असेल. अक्कानं शिकवलेल्या मराठीत ते रोज सकाळी ओट्यावर बसून मोठ्यानं वर्तमानपत्र वाचायचे, हे मला माहीत होतं. एका वाक्यात मी त्यांना शिक्षक होऊ दिलं नाही, शिपाई केलं. आणि घरी जाऊन सांगितलं, जागा मिळाली. दाजी म्हणाले, "वा मास्तर! तुमच्याच शाळेत! बिलकुल झकास." अक्कानं माझ्यावरून हात ओवाळून आपल्या कानशिलांवर बोटं मोडली.

ते मंठ्याला माझ्या खोलीवर राहायला आले. शनिवारी मोटारीनं जालन्याला जायचे, सोमवारी पहाटे परत. सकाळी ते भाकरी करायचे, आम्ही दोघं जेवून निघायचो आणि शाळेच्या फाटकापाशी ते दोन पावलं मागे व्हायचे. मी कधी सांगितलं नव्हतं. पहिल्याच दिवशी दुसऱ्या तासाला वर्गाच्या दारात येऊन उभे राहिले, खाकी कपडे, हातात नोटीसवही. "आत येऊ का, सर?" सर! त्या क्षणाची मी वाट बघितली होती, हे मला तो आल्यावर कळलं. आणि त्यात गोडी काहीच नव्हती. मी सही केली. अक्षर वाकडं आलं.

महिन्याभरात मुलं त्यांना दाजीच म्हणायला लागली. नववीच्या वर्गाची खिडकी फुटली तेव्हा हेडमास्तर जालन्याहून माणूस बोलवणार होते. दाजी म्हणाले, "साहेब, साधी काच हाय. शिसं न्हाई काही न्हाई. मी बसवतो." मधल्या सुट्टीत त्यांनी ओट्यावर काच आडवी टाकली, डाव्या हातानं उजवं मनगट धरलं आणि हिरकणीनं एक रेघ ओढली. चाळीस-पन्नास मुलं भोवती आणि कुणी श्वास घेत नव्हतं. मग त्यांनी काचेला खालून हलकी टिचकी मारली, ती रेघेवर दुभंगली, आणि पोरांनी असा काही गलका केला की कार्यालयातून कारकून धावत आला. एक मुलगा म्हणाला, "दाजी, आम्हाला शिकवा की!" ते म्हणाले, "मी शिपाई हाय बाबा. शिकवायला तुमचे सर हायेत." मी व्हरांड्यात खांबाआड उभा होतो. माझ्या तासाला इतकी शांतता कधी झाली नाही.

मग एके दिवशी सुट्टीची नोटीस निघाली. दाजी आठवीत वही घेऊन गेले, तिथले शिक्षक रजेवर होते, मुलांनी हट्ट धरला आणि दाजींनी नोटीस खणखणीत वाचून दाखवली. हेडमास्तर नेमके व्हरांड्यातून चालले होते. ते मला म्हणाले, "अहो, तुमचे दाजी तर छान वाचतात!" मी म्हणालो, "हो... अलीकडे शिकले." ते माझ्याकडे बघतच राहिले. "मग पुढच्या जूनमध्ये हस्तव्यवसायासाठी त्यांचा विचार करू," एवढं बोलून ते गेले.

त्या संध्याकाळी दाजी पीठ मळत होते. पाठमोरेच म्हणाले, "मास्तर, हेडमास्तर इचारत होते, वाचायला कधी शिकलात."

"मग? काय सांगितलंत?"

"म्हणलो, आमच्या मेव्हण्याला इचारा. ते बराबर सांगतील."

त्यांनी परात पुढे ओढली आणि भाकरी थापायला घेतली. त्यांना सगळं कळलं होतं की काहीच नाही, हे मला त्या पाठीवरून ओळखता आलं नाही. आजही येत नाही. भाकरी फुगली, त्यांनी पापुद्रा सोलून माझ्या ताटात टाकला, नेहमीसारखा.

पुढचा जून त्यांनी पाहिला नाही. शिसं आधीच हाडांपर्यंत गेलेलं होतं. मार्चमध्ये रजा काढून ते जालन्याला गेले ते परत आले नाहीत. मी पोहोचलो तेव्हा मस्तगडातली ती गल्ली माणसांनी भरलेली होती. शेठ लोक, सुतार, माझ्या शाळेतली सात-आठ मुलंसुद्धा, कुणाला न विचारता मोटारीत बसून आलेली. दहा दिवस घरात माणसांची ये-जा होती आणि येणाऱ्या प्रत्येकाला अक्का तेच सांगत होती. "दत्तूनं त्यांना शेवटी सावलीत बसवलं हो. काम सुटल्यावर घरी बसून झुरले असते. माझ्या भावानं त्यांना मानाची जागा दिली." बायका माझ्याकडे कौतुकानं बघायच्या. मी मान खाली घालायचो आणि लोकांना तो विनय वाटायचा.

ह्या पुरवणीच्या संपादकांनी दाजींवर लिहायला सांगितलं तेव्हा आधी मी दुसराच लेख लिहिला होता. त्यात उस्ताद होते, मोर होता, त्यांचा साधेपणा होता. तो फाडून टाकला. हा लिहिला, आणि इकडे पाठवण्याआधी अक्काला पत्र टाकलं. नंतर जालन्याला जाऊन आलो. पत्रासकट लेख छापू का, असं तिला विचारलं. ती "छाप" म्हणाली. आणखी जे म्हणाली ते माझ्याजवळ राहू दे. पत्र असं होतं.

मंठा, बुधवार

ती. अक्कास,
दत्तूचा शिरसाष्टांग नमस्कार.

हे पत्र तू एकटीच वाच. शेजारच्या काकूंना वाचून दाखवू नकोस.

दाजींना मी शिपायाची जागा मिळवून दिली, असं तू सगळ्यांना सांगतेस. ते अर्धंच खरं आहे. हेडमास्तरांनी आधी मला शिक्षकाची जागा विचारली होती. हाताचं काम शिकवायची. लिहिता-वाचता येणारा माणूस पाहिजे म्हणाले. मी सांगितलं की दाजींना सहीपुरतं येतं. तू त्यांना शिकवलंस हे मला माहीत होतं. मी पाहिलं होतं.

का सांगितलं ते लिहितो. माझ्या शेजारी खुर्चीवर ते बसलेले मला नको होते. दुसरं कारण नाही. ते गरीब, मी मोठा, असं कधी वाटलं नाही. उलट होतं. लहानपणापासून तुझ्या घरात जे काही त्यांचं होतं ते मला हवं होतं, आणि जे माझं होतं ते मला त्यांना द्यायचं नव्हतं.

खाकी कपडे मीच शिवून आणले होते. तू त्या कपड्यांना हळद-कुंकू लावून त्यांची घडी मोडलीस, तेव्हा मी तिथेच उभा होतो आणि काही बोललो नाही.

त्यांना हे माहीत होतं की नाही, मला माहीत नाही. तुला कधी बोलले असतील तर मला सांग. नसतील बोलले तरी सांग.

लोक आले की तू माझं नाव घेऊ नकोस. एवढं ऐक. मी तुझ्याकडे माफी मागत नाही, कारण तू लगेच देशील. तू मला आजवर प्रत्येक गोष्ट लगेच दिलीस. ह्या वेळी थांब. रागाव. शाळेतल्या मुलांना मी सोमवारी वर्गात सांगणार आहे की दाजी तुमचे शिक्षक होऊ शकले असते, ते माझ्यामुळे झाले नाहीत. हेडमास्तरांना आज सांगितलं. 

रविवारी पहिल्या मोटारीनं येतो. चहा ठेवू नकोस. आधी बोलू.

तुझा,
दत्तू